घोंगडीखालचं खग्रास

थोरात सरांचं खग्रास सूर्यग्रहण आजवर तीनदा हुकलं होतं. एकोणीसशे ऐंशी साली ते कॉलेजात होते आणि मित्रांबरोबर कर्नाटकात जाऊन ग्रहण पाहायचं त्यांनी नक्की केलं होतं. निघायच्या सकाळी त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, त्यांना माजघरात घातलं आणि बाहेरून कडी लावली. पंच्याण्णव साली राजस्थानचं रेल्वेचं तिकीट खिशात होतं, तर दोन वर्षांच्या मुलीला टायफॉइड झाला. दोन हजार नऊ साली ते सुरतेपर्यंत पोचले, पण सुरतेवर असे ढग दाटले होते की दिवस कधी मावळला आणि पुन्हा कधी उगवला, हे तिथल्या कोंबड्यांनाच ठाऊक.

एवढं होऊनही सरांनी कराडच्या शाळेत पस्तीस वर्षं ग्रहण शिकवलं. 'ग्रहणात दारं लावून बसू नका, बाहेर या' अशी पत्रकं स्वतः लिहून वाटली, त्यासाठी जिज्ञासा मंडळ काढलं, गावच्या भटजींशी जाहीर वाद घातला. लग्न न झालेल्या माणसानं गावभर लग्नं जुळवत फिरावं, तशातली गत. मुलीचं नावही त्यांनी उल्का ठेवलं, तेव्हा नातेवाइकांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

आता सर त्र्याहत्तर वर्षांचे होते, उल्का एक्केचाळीसची, आणि मार्चच्या वीस तारखेला दोघंही लडाखमधल्या एका उघड्या पठारावर, गुडघाभर बर्फाच्या कडेला उभे होते. जिज्ञासा मंडळाची बेचाळीस माणसं श्रीनगरहून नव्या बोगद्यातून बसने आली होती. सोबत मेतकूट, लसणीची चटणी आणि दोन डबे चकल्या. पठारावर देशोदेशीची तीस-चाळीस हजार माणसं जमली होती. बंगाली होते, पंजाबी होते, नळकांड्यांसारख्या मोठाल्या दुर्बिणी घेऊन आलेले जपानी होते. आभाळ इतकं निळं होतं की सरांना त्याचाच संशय यायला लागला होता.

"पुढचं आपल्या देशात दिसेल तेव्हा मी कुठला असायला," सर गाडीत बसल्यापासून सारखं म्हणत होते. "यंदा दिसलं तर दिसलं." ते सगळ्यांना हसत सांगत. उल्काला मात्र त्या हसण्यामागचं कळत होतं. टायफॉइड तिलाच झाला होता ना.

सरांना डोळा एकच. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला होता. उजव्यात गेल्या वर्षी मोतीबिंदू पिकला आणि उल्कानं पुण्याला नेऊन त्यात स्वतः घडवलेलं भिंग बसवून घेतलं. त्याचं नाव छायाभिंग. उन्हात गेल्यावर आपोआप काळा होणारा चष्मा लोकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या काचेत अशा रेणूंचा थर असतो, की प्रखर प्रकाश पडला की ते आपला आकार बदलतात आणि प्रकाश अडवू लागतात. सावलीत आलं की हळूहळू मूळ आकारात परततात. उल्काच्या कंपनीनं तसाच थर मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायच्या भिंगात घातला, आणि तोही फार पुढचा. हे भिंग मुळात वेल्डिंग करणाऱ्या कामगारांसाठी बनवलं होतं. ठिणगीकडे पाहिलं की क्षणार्धात काळंकुट्ट.

परतायला मात्र ते वेळ घेई, आणि ही युक्ती उल्काचीच. पहिली भिंगं झटकन उजळायची. मग झाडांच्या रस्त्यानं दुचाकीवरून जाताना ऊन-सावली, ऊन-सावली अशी डोळ्यांत उघडझाप होऊन माणसांना भोवळ यायची. म्हणून तिनं रेणू संथ निवडले. प्रयोगशाळेत भिंग पूर्ण उजळायला चार मिनिटं लागत. कुणाची तक्रार आली नाही. सरांनी तर मंडळातल्या एकोणतीस जणांना गळ घालून तेच भिंग बसवून घ्यायला लावलं. "माझ्या उल्कीनं केलंय," असं ते भाजीवाल्यालासुद्धा सांगत.

आता घोटाळा इथं झाला, की ग्रहण लागायच्या थोडं आधी शेजारच्या बंगाली मंडळींची ग्रहणचष्म्यांची पिशवी प्रवासात हरवल्याचं कळलं. सरांनी भिंगवाल्यांचे, आणि उल्काचाही, असे सगळे चष्मे गोळा करून त्यांना देऊन टाकले. "आमच्या डोळ्यातच चष्मा आहे!" त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आणि बंगाल्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगाच्या माहितीपत्रकात 'सूर्याकडे थेट पाहू नये' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, पण कराडच्या माणसांनी माहितीपत्रक वाचायचं म्हणजे स्वतःच्या मास्तरांवर अविश्वास दाखवण्यासारखं. उल्का तेव्हा बसमधून आईचं सामान काढत होती. ती परत येईपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली होती, चंद्रानं सूर्याचा पहिला घास घेतला होता आणि सर धरून तीस म्हातारी माणसं माना वर करून उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत होती.

"बाबा! अहो, काय करताय?"

"बघतोय! अगं, सूर्य टिकलीएवढा दिसतोय, स्वच्छ! डोळ्याला जराही त्रास नाही. उल्के, तू काय चीज बनवलंयस!"

तिनं टॉर्च मारून त्यांचं भिंग तपासलं. काळंकुट्ट झालं होतं, थर आपलं काम चोख करत होता. डोळ्याला धोका नव्हता. ती रागावली, थोडी सुखावलीही, आणि गप्प बसली. पुढचा अर्धा तास तिला या गप्प बसण्याचा पश्चात्ताप होणार होता.

मंडळाच्या तंबूत एकच माणूस बसलं होतं, ते म्हणजे तिची आई. इंदुमतीबाई ग्रहण पाळत. एका विज्ञान-मास्तराच्या घरात त्यांनी चाळीस-बेचाळीस वर्षं न भांडता ग्रहण पाळलं होतं. दुधा-पाण्यात तुळशीचं पान टाकायचं, घोंगडी पांघरायची, डोळे मिटून जप करायचा. नवऱ्यानं गावाला बाहेर काढलं, बायकोला नाही. यंदाही त्या आल्या ते "ह्यांच्या गोळ्या कोण देणार" म्हणून. तंबूच्या कोपऱ्यात काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन त्या बसल्या होत्या आणि आतून पुटपुटणं ऐकू येत होतं.

पाऊण सूर्य उरला असताना सर चहाला आत आले. उल्कानं कप पुढं केला. सरांनी हात वीतभर बाजूला नेला आणि चहा सतरंजीवर सांडला.

"तंबूत एवढा अंधार का करून ठेवलाय?"

तंबूत अंधार नव्हता. पांढऱ्या कापडातून बर्फाचा उजेड झिरपत होता. "बसा पाच मिनिटं, उजळेल," उल्का म्हणाली आणि तिनं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली. सर खुर्ची चाचपत होते. सात मिनिटं गेली. तिनं त्यांच्यासमोर हात धरला.

"किती बोटं?"

"हात कुठाय?"

 उल्काला एकदम आठवला तो भिंगाच्या चाचण्यांच्या फॉर्मवरचा एक रकाना. शून्याखालच्या तापमानातली चाचणी. रेणू परततात ते उष्णतेच्या जोरावर. गारठा वाढला की तेही माणसांसारखे आळसतात. डोळा आतून गरम असतो, मोठा फरक पडणार नाही, असं धरून तिनं त्या रकान्यात लिहिलं होतं, 'आवश्यक नाही'. खाली सही केली होती. महाराष्ट्रात कुठं बर्फ पडतो? आणि इथं उणे सहा अंशांच्या वाऱ्यात तिचे वडील अर्धा तास तोंड वर करून उभे राहिले होते.

तिनं मनात हिशेब मांडला. चारऐवजी बारा मिनिटं, कदाचित चौदा. खग्रास सुरू होणार पाच वाजून सोळा मिनिटांनी आणि टिकणार पावणेतीन मिनिटं. शेवटच्या क्षणापर्यंत सूर्याकडे पाहत राहिलेल्या माणसाला त्या पावणेतीन मिनिटांत काळ्या भिंगापलीकडं काहीही दिसणार नव्हतं. तेज संपेल, सूर्याभोवतीचा पांढरा किरीट उमलेल, आणि सर एका बंद काचेमागं उभे असतील. चौथ्यांदा. आणि पुन्हा तिच्यामुळंच.

घड्याळात चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

ती बाहेर धावली आणि खुर्चीवर चढून तिनं ओरडून सगळं सांगितलं. चूक तिची आहे, चाचणी तिनं गाळली, सगळं.  माणसं चिडली नाहीत. आधी तर त्यांना ते पटेच ना.

"म्हणजे आता आम्ही ग्रहणाकडे पाठ करून डोळे मिटून बसायचं?" खर्शीकर वकील म्हणाले. मंडळाचे ते उपाध्यक्ष. "उभ्या तालुक्याला आम्ही याच्या उलट सांगितलंय. कराडला तोंड कसं दाखवायचं?"

"काका, तुम्हाला दोन्ही डोळ्यांत भिंग आहे. एक डोळा आत्तापासून झाका. तळहात चोळून गरम करा आणि डोळ्यावर घट्ट ठेवा. उष्णता मिळाली की भिंग लवकर उजळेल. दुसऱ्यानं हवं तेवढं बघा. खग्रास झालं की झाकलेला उघडायचा."

"हां, असं म्हण की!" वकिलांना हा तोडगा एकदम पसंत पडला. मिनिटभरात मंडळाची झाडून सगळी भिंगवाली माणसं एका डोळ्यावर हात ठेवून उभी राहिली. जपान्यांनी त्यांचे फोटो काढले.

पण सरांना एकच डोळा होता.

ते तंबूच्या दाराशी येऊन उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. उल्का खुर्चीवरून उतरून त्यांच्यापुढं गेली.

"बाबा, तुम्हाला आत्ताच आत जावं लागेल. डोळा मिटून, उबेत. पाऊण तास नाही, पंचवीसच मिनिटं, माझा हिशेब चुकला तरी पुरावीत म्हणून. कोर बारीक होताना दिसणार नाही, सावली धावत येताना दिसणार नाही, हिऱ्याची अंगठी दिसणार नाही. पण किरीट दिसेल."

"नक्की?"

या प्रश्नाला ती खोटं उत्तर देऊ शकली असती. सरांनी तिला तसं वाढवलं नव्हतं. "नक्की नाही. हा प्रयोग कुणी केलेला नाही. पण आत नाही गेलात, तर दिसणार नाही हे नक्की."

 बाहेर लोक ओरडत होते, आकडे सांगत होते, कुणी ढोल बडवत होतं. अर्ध्याहून जास्त सूर्य गेला होता आणि उजेड पातळ झाला होता. ज्याची चित्रं त्यांनी फळ्यावर हजारदा काढली, ते सगळं त्यांच्या डोक्यावर चाललं होतं.

"आप्पा नेमकं हेच म्हणाले होते," ते म्हणाले. "डोळा मीट आणि आत बस. त्या दिवशी कडी वाजलेली अजून ऐकू येते मला. बेचाळीस वर्षं लोकांना सांगितलं, बाहेर या. आणि आता माझीच पोरगी मला आत घालतेय."

"मी कडी लावत नाहीये, बाबा." उल्काच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुम्हीच ठरवा. मघाशी तंबूत किती मिनिटं अंधार होता, ते तुम्हीच अनुभवलंत."

पुरावा दाखवल्यावर थोरात सरांनी आयुष्यात कधी तोंड फिरवलं नव्हतं. त्यांनी सूर्याकडे एकदा पाहिलं, एकदाच, आणि वळून तंबूत शिरले. त्यांच्यासाठी ते किती अवघड होतं ते उल्कानं पाहिलं. आत गेल्यावर मात्र ते अंधारात गोंधळून मधेच थांबले.

कोपऱ्यातल्या घोंगडीचं एक टोक वर झालं.

"या आत," इंदुमतीबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं बोलावतेय."

सर हसले की रडले ते कळलं नाही, पण ते खाली बसले आणि घोंगडीत शिरले. इंदुमतीबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली, गरम पाण्याच्या पिशवीवर आपले तळवे शेकले आणि नवऱ्याच्या मिटल्या डोळ्यावर ठेवले. थंड झाले की पुन्हा शेकायचे, पुन्हा ठेवायचे. मधूनमधून सरांचा हात अस्वस्थपणे घोंगडीच्या कडेकडे जायचा आणि त्या तो धरून खाली ठेवायच्या.

"बोल की काहीतरी, उल्के," आतून सरांचा आवाज आला. "काय चाललंय बाहेर? कोर कशी आहे?"

ती दाराशी उभी राहून सांगू लागली. तिनं बंगाल्यांकडून एक चष्मा परत मागून घेतला होता. कोर नखाएवढी झाली. बर्फाचा रंग उतरला, शिशासारखा झाला. वारा पडला. सर आतून सूचना देत होते. "वर नको बघू आता, बर्फावर बघ. बारीक लाटा सरकताना दिसतायत?" ती म्हणाली, "दिसतायत बाबा, सळसळतायत!" आणि आतून ते आनंदानं ओरडले, "त्या छायापट्ट्या! आता पश्चिमेकडं. डोंगरांवरून सावली येईल." तिला वाटलं, हे सगळं बाबांनी तिला कधीपासून दाखवायचं ठरवलं असणार. नोकरी लागल्यापासून त्यांच्याबरोबर आभाळाकडे पाहायला तिला वेळ झालाच नव्हता.

 मग सर अगदी हळू म्हणाले, "इंदू, मला त्या वेळी एकच डोळा होता. आप्पांना ग्रहणाची नव्हे, त्या डोळ्याची काळजी असेल. हे मला आज सुचतंय."

"तुम्हाला उशिराच सुचतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "हलू नका."

पश्चिमेचे डोंगर काळे पडले. सावली पठारावरून अशी आली की उल्का दोन पावलं मागं सरली. चाळीस हजार गळ्यांतून एकच आरोळी उठली. "बाबा, आता! बाहेर या, पण डोळा अजून उघडू नका!"

डोळा मिटलेल्या माणसाला बाहेर कुणीतरी आणायला हवं होतं. उल्का पुढं झाली, पण आईनं आधीच त्यांचा दंड धरला होता. घोंगडी तशीच दोघांच्या खांद्यांवर. तंबूच्या दाराशी दोरी होती, बर्फ होता, नवऱ्याला ठेच लागू नये म्हणून इंदुमतीबाईंना डोळे उघडावेच लागले. त्यांनी खाली पाहून पावलं टाकली, दोरी ओलांडली, आणि मग सहज वर पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे एवढं देखणं असतं?"

"काय दिसतंय? इंदू, काय दिसतंय?"

"उघडा ना आता! तुम्हीच बघा!"

सरांनी डोळा उघडला. उल्का आभाळाकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. सर डोकं इकडून तिकडं फिरवत होते. दहा सेकंद गेले. वीस. एकवीस मिनिटं पुरली नाहीत, तिला वाटलं, हात गार होते, मी उशीर केला. तीस सेकंद. सगळं पठार रडत-हसत होतं आणि ती सेकंद मोजत होती.

"थांब," सर म्हणाले.

त्यांचं डोकं फिरायचं थांबलं.

"मधे काळं आहे. भोवती पांढरं." ते कुजबुजल्यासारखं बोलत होते. "डावीकडं खाली लांब गेलाय ना एक झोत? उजवीकडं दोन आखूड आहेत. आणि वरच्या कडेला... उल्के, वरच्या कडेला गुलाबी ठिपका आहे का गं?"

उल्कानं पहिल्यांदा वर पाहिलं. डावीकडं खाली लांब झोत होता. उजवीकडं दोन आखूड. वरच्या कडेला, गुंजेएवढा, गुलाबी ठिपका.

"आहे, बाबा. आहे."

ती तिथंच बर्फात बसली. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते तिला कळलं. ती मोठ्यानं रडत होती, आणि तिच्यासारखी आणखी हजारो माणसं रडत होती, त्यामुळं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खर्शीकर वकील झाकलेला डोळा उघडून "वा! वा!" करत होते, गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखे.  दोन मिनिटं सर तसेच उभे राहिले, इंदुमतीबाईंचा हात धरून, तोंड उघडं. मग पश्चिम उजळली, कडेला प्रकाशाचा एक थेंब फुटला आणि सगळं संपलं.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बंगाली मंडळी रसगुल्ल्यांचा डबा घेऊन आली, आपल्या चकल्या निघाल्या. सोमवारी कंपनीत जाऊन तो रकाना नव्यानं भरायचा, थंड प्रदेशातल्या प्रत्येक भिंगवाल्याला कळवायचं, बोलणी खायची, हे सगळं उल्काला दिसत होतं. त्याचं तिला आज भय वाटलं नाही.

"मी तुला एक सांगू?" सर तिच्याशेजारी बसत म्हणाले. "दिसलं नसतं, तरी मी तुझ्यावर रागावलो नसतो."

"खोटं."

"थोडा रागावलो असतो," सर म्हणाले. "सुरतेच्या ढगांवर रागावलो तेवढा."

ती हसली. तासाभरानं सूर्य पूर्ण सुटला, तसे सर उठले आणि सहलीच्या व्यवस्थापकाला, निनादला, हाक मारत स्वयंपाकाच्या तंबूकडे निघाले. निनाद चहाच्या पातेल्याशी होता.

"निनाद, एक बादली कढत पाणी मिळेल का? आणि चारी बाजूंनी आडोसा करायला दोन चादरी."

"आत्ता? उणे सहामध्ये?" निनाद चकित झाला. "काय झालं सर?"

खर्शीकर वकील रसगुल्ला खाता खाता थांबले आणि कान टवकारून पाहू लागले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गात बोलायच्या आवाजात सांगितलं,

"ग्रहण सुटलंय. आमच्या हिला अंघोळ करायचीय."

मग निनादनं भरलेली बादली त्यांनी स्वतः उचलली, आणि पाणी हिंदकळू न देता, बर्फातून जपून पावलं टाकत बायकोकडे घेऊन गेले.